समक्ष तपासले, खरे आढळले

मी खोटं लगेच ओळखतो. ही बढाई नाही, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. विमा कंपनीत मी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर होतो. कुणाचं दुकान जळलं, कुणाची गाडी खांबावर आपटली, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं की कंपनी मला पाठवायची आणि मी टेप, टॉर्च आणि तीन रकान्यांचा फॉर्म घेऊन दारात हजर व्हायचो. लोक रडायचे, शपथा घ्यायचे, चहा पाजायचे. मी चहा प्यायचो आणि शांतपणे विचारायचो, "आग विझवायला स्वतः आत धावलात म्हणता, मग भुवया कशा शाबूत राहिल्या?" की समोरचा मटकन खाली बसायचा. घरात माझं नाव 'पंचनामा' पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण भिंतींना कान असतात आणि आमच्या भिंती पातळ आहेत.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या तर त्यात एक तरी चूक सापडेल का? मी बायकोला तसं सांगितलंही.

"महिन्याभरात पुस्तक हातावेगळं करतो. लोकांच्या आठवणी म्हणजे निम्म्या थापा असतात. माझं एकेक वाक्य तपासलेलं असेल."

ती मटार सोलत होती. "लिहा," ती म्हणाली. "निदान दूध उतू गेलं की माझा जबाब घ्यायला तरी येणार नाही."

आमच्या भागातल्या वाचनालयात तेव्हा आठवणी लिहायला शिकवणारा वर्ग निघाला होता, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. दहा-बारा निवृत्त माणसं यायची. एक दातांचे डॉक्टर होते, एक शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या, बाकी सगळे माझ्यासारखे, घरच्यांनी प्रेमाने घराबाहेर काढलेले. शिकवणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या. चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि मग अर्धा तास टेबलावर चष्मा शोधायच्या. पहिल्याच तासाला मी त्यांच्यापुढे सेहेचाळीस पानं ठेवली. जन्मवेळ, जन्माचं वजन, टोचलेल्या लशी, पहिलीपासूनचे गुण, सगळं तारीखवार.

"नववीपर्यंत आलोय," मी म्हणालो.

बाईंनी पानं चाळली. "काका, हे आत्मचरित्र झालं. आत्मचरित्र म्हणजे अख्खं कपाट जमिनीवर रिकामं करायचं. आपण इथे आठवण लिहायला शिकतोय. एकच खण उघडायचा, पण पार तळापर्यंत हात घालायचा. हाताला जे लागेल ते बाहेर काढायचं, आवडो किंवा न आवडो."

"म्हणजे पुरावा."

"पुरावा नाही हो. आठवण."

मी वहीत 'पुरावा' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

बाईंनी पुढे जाहीर केलं की वर्ग संपल्यावरच्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रत्येकाने आपली एक आठवण वाचायची. घरच्यांना आणा, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तर आणाच. बाई कपाट म्हणाल्या आणि माझा विषय ठरूनच गेला. माझ्या आयुष्यात शौर्य म्हणावी अशी एकच गोष्ट घडली आहे आणि ती कपाटाचीच आहे.

मी आठ वर्षांचा होतो, माझी ताई तेरा वर्षांची. बाबांनी नवीनच घेतलेलं काचेच्या दाराचं लाकडी कपाट स्वयंपाकघरात उभं होतं. ताई त्याच्यासमोर उभी असताना ते अचानक पुढे कलंडलं. मी अंगणातून धावत आत आलो, ताईला बाजूला ढकललं, आणि कपाट माझ्या अंगावर घेतलं. वरचा साखरेचा डबा लागून माझी डावी भुवई फाटली. ताईला खरचटलंसुद्धा नाही. बाबांनी मला खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवलं. ते एरवी आम्हाला नजरेने मारणारे गृहस्थ होते, आणि हात त्यांचा नजरेपेक्षा जड होता. त्यांनी मला उचलून घेतल्याची माझ्याजवळ तेवढी एकच आठवण आहे.

भुवईवरची ती खूण मी पुढे छप्पन्न वर्षं वापरली. घरात वाद झाला की मी बोटाने नुसती भुवई खाजवायचो. मग शेवटचा शब्द माझा. ताई तर कधीच माझ्याशी वाद घालायची नाही. मी चौसष्टचा झालो तरी ती मला बाळ म्हणते आणि मी सांगेन त्याला मान डोलावते. तिचा डावा कोपर लहानपणी सायकलवरून पडून वाकडा झालाय, पूर्ण सरळ होत नाही. वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तेव्हा विम्यातून काही होईल का असं विचारायला ती माझ्याकडे आली होती. मी सवयीने विचारलं, सायकल कुणाची, रस्ता कुठला, पडताना कुणी पाहिलं? ती हसायला लागली आणि म्हणाली, "जाऊ दे रे बाळ." मी तिला समजावून सांगितलं की केस कमजोर आहे.

मी कपाटाची आठवण अकरा पानांत लिहून बाईंना दिली. कपाटाची उंची, रुंदी, पडण्याचा कोन, माझा धावण्याचा वेग, सगळं होतं. बाईंनी शांतपणे वाचलं.

"यात कपाट छान आलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे आहात?"

"कपाटाखाली."

"तसं नाही. आठवणीत दोन माणसं लागतात. एक, ज्याच्या बाबतीत ते घडलं तो. दुसरा, आज त्याच्याकडे बघणारा. तुमच्याकडे पहिलाच आहे, आणि तोही घोड्यावर बसलेला. हे सगळं तुम्हाला आठवतंय की सांगितलं गेलंय?"

मी चिडलो होतो, पण प्रश्न माझ्याच धंद्यातला होता. प्रत्यक्ष पाहिलं की ऐकीव? मी डोळे मिटून प्रयत्न केला. अंगण आठवेना. धावणं आठवेना. आठवलं ते एवढंच: डोळ्यात गरम रक्त, तोंडात गोड चव, आणि ताईचा आवाज, "तू काही बोलू नकोस. मी सांगते." मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी 'गोड' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं. मला वाटलं, त्यांना शब्द आवडला नसेल.

"आता घरच्यांशी बोला," बाई म्हणाल्या. "मायेने विचारा. त्यांनाही काहीतरी आठवत असेल."

मायेने विचारायचं म्हणजे कसं ते मला ठाऊक नव्हतं. मी फॉर्म छापून आणले.

पहिला जबाब बायकोचा घेतला. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सराईत गुन्हेगारासारखी समोर बसली.

"घटनेच्या वेळी आपण कुठे होता?"

"मी चार वर्षांची होते आणि दुसऱ्या गावात होते."

"मग घटनेबद्दल काय माहिती आहे?"

"ऐकीव. दोनशे वेळा ऐकलीय. आपलं लग्न ठरलं तेव्हा कपाट तुमच्या कमरेइतकं होतं. लेक झाली तेव्हा खांद्यापर्यंत आलं. मागच्या वर्षी जावयाला सांगत होतात तेव्हा छताला टेकलं होतं. कपाट आहे की झाड?"

मी 'साक्षीदार प्रतिकूल' असं लिहिलं.

दुसरा जबाब धाकट्या भावाचा. तो कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करतो आणि कुठल्याही विषयावर साक्ष द्यायला एका पायावर तयार असतो.

"दादा, मला सगळं लख्ख आठवतंय. मी त्या कपाटाखालीच होतो."

"तू जन्मला नव्हतास. तू त्यानंतर दोन वर्षांनी झालास."

"म्हणूनच वाचलो," तो म्हणाला, आणि त्याने लफ्फेदार सही केली.

तिसरा आणि मुख्य जबाब ताईचा. तिच्या स्वयंपाकघरात ते कपाट अजून उभं आहे. आई गेल्यावर सामानाची वाटणी झाली तेव्हा ताईने फक्त तेवढंच मागितलं होतं. ती ओट्यापाशी पाव कापत होती. मी खुर्ची ओढली, दोन फॉर्म काढले, मध्ये कार्बन घातला.

"सांग, काय घडलं?"

"तूच लिही बाळ. तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवतं."

मी लिहिलं: 'कपाट माझ्यावर पडत असताना माझ्या भावाने मला ढकलून वाचवले व आघात स्वतः सोसला.' तिने हात पुसले आणि चष्मा न लावताच सही केली. साक्षीदाराची सही झाली की त्याखाली 'समक्ष तपासले, खरे आढळले' लिहून माझी सही ठोकायची, ही एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला. कार्बनची प्रत साक्षीदाराला द्यायचा नियम आहे, ती मी ताईला दिली. तिने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली.

जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर मी थबकलो. न वाचता सही करणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक अगदी भाबडी, आणि दुसरी, कागदावर काय लिहिलं नाही ते पक्कं माहीत असलेली. आणि ताईला मी कधी भाजीवाल्याकडूनसुद्धा फसलेलं पाहिलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी घटनास्थळाच्या पाहणीला गेलो. दुसऱ्या दिवशी वाचन होतं, ताईला मी पहिल्या रांगेत बसवणार होतो, आणि कागदात फट राहिलेली मला चालत नाही. टेप धरायला भाऊ बरोबर होता. बायको का आली ते विचारल्यावर ती म्हणाली, "मला बघायचंय." ताईने दारातच अडवायचा प्रयत्न केला.

"आज नको रे. कपाट भरलेलं आहे."

"भरलेलंच हवं. घटनेच्या वेळीही भरलेलं होतं."

"चहा घे आधी."

एकतीस वर्षांत ज्याने ज्याने 'चहा घ्या आधी' म्हटलं त्याच्याकडे काहीतरी सापडलंच होतं. मी टॉर्च लावला.

उंची निघाली पाच फूट एक इंच. बायको खोकली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मग मी दाराची काच पाहिली आणि मला जो आनंद झाला तो फक्त माझ्या धंद्यातल्या माणसाला कळेल.

"ही काच मूळची आहे!" मी म्हणालो. "जुनी, आत बुडबुडा असलेली. भावा, याचा अर्थ काय?"

"महाग असेल."

"याचा अर्थ कपाट जमिनीवर आपटलंच नाही. आपटलं असतं तर काच राहिली असती का? कुणीतरी ते मधेच अडवलंय. अंगाने."

"तुम्हीच अडवलंत ना?" बायको म्हणाली.

"मधे बोलू नकोस, तपास चालू आहे." मी खाली बसलो. खालून दुसऱ्या फळीला डाव्या कडेला आतून पट्टी मारलेली होती. "बघा! फळी इथे मोडली होती. वरून डबा पडून मोडली असती तर मधे मोडली असती. ही कडेला मोडलीय, कारण इथे कुणीतरी पाय ठेवला. म्हणजे कपाट आपोआप कलंडलं नाही. चढताना कुणीतरी पाडलं. पाय छोटा. मोठ्या माणसाच्या वजनाने फळीचे सरळ दोन तुकडे झाले असते. हे मूल होतं, सात-आठ वर्षांचं, आणि पाय डाव्या कडेला म्हणजे ते डावखुरं होतं."

ताई ओट्याकडे तोंड करून उभी होती. बायको हळूच म्हणाली, "अहो, पुरे."

पण माझी गाडी उताराला लागली होती. असा तपास मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळाला होता. "थांब गं! आता सगळं जुळतंय. घटनास्थळी दोन माणसं होती. एक लहान, फळीवर चढलेलं, दोन्ही हात साखरेच्या डब्यात. ते कपाट अडवू शकत नाही. दुसरं मोठं, बारा-तेरा वर्षांचं, खाली. त्याने अडवलं. म्हणजे सरळ आहे, दावेदाराने स्वतःच कपाट पाडलं आणि वर शाबासकी घेतली! चोराच्या उलट्या बोंबा! असले लबाड मी एकतीस वर्षं..."

इथे माझं लक्ष फॉर्मवरच्या पेनाकडे गेलं. पेन माझ्या डाव्या हातात होतं.

कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मी उलट जोरात म्हणालो, "हे शक्यच नाही. एवढंसं मूल चढल्याने एवढं कपाट हलतच नाही. हे बघा, मी सिद्ध करतो," आणि डावा पाय दुसऱ्या फळीवर ठेवला. आठव्या वर्षी माझं वजन किती होतं ते सेहेचाळीस पानांत कुठेतरी आहे. आता ते त्याच्या चौपट आहे. कपाट कुरकुरलं आणि सगळ्या डब्यांसकट पुढे झुकलं.

पुढचं फार पटकन झालं. बरण्या सरकल्या. भावाच्या डोक्यावर पिठाचा डबा उपडा झाला. मी फळीला लोंबकळत मागे येत होतो, आणि एकोणसत्तर वर्षांची माझी ताई ओट्यापासून वळली, मला खांद्याने बाजूला लोटलं, आणि डावा वाकडा कोपर कपाटाच्या चौकटीला लावून उभी राहिली. कपाट थांबलं. तो कोपर तिथे इतका अचूक बसला जणू त्या जागेसाठीच वाकवून घेतला होता. बायकोने आणि भावाने मिळून कपाट भिंतीला टेकवलं. मी खाली बसलो होतो. भुवईवर हात गेला, काही लागलं नव्हतं. वरून सांडलेली साखर मात्र ओठांवर होती.

ताईने धापा टाकत माझ्याकडे पाहिलं. "तू काही बोलू नकोस," ती म्हणाली.

आणि मला आठवलं. सांगितलेलं नाही, माझं मला आठवलं. मी अंगणात नव्हतोच. मी वर होतो, फळीवर, आणि माझं तोंड साखरेने भरलेलं होतं.

"आता मलापण आठवलं," भाऊ म्हणाला. तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता. "अगदी असंच झालं होतं!"

"तू गप्प बस," आम्ही तिघेही म्हणालो.

ताईने मग आधी सगळ्यांना चहा दिला आणि मगच सांगितलं. बाबा घरी यायची वेळ झाली होती. त्यांच्या नव्या कपाटाची फळी मोडली होती, साखर जमिनीवर होती आणि मी रक्ताने माखलेला. "त्या दिवशी त्यांनी तुला फोडून काढलं असतं. मी म्हटलं, कपाट माझ्यावर पडत होतं, बाळ नसता तर मी मेले असते. मला वाटलं, निदान मार वाचेल. तर त्यांनी तुला खांद्यावरच घेतलं. तुझं तोंड बघायला हवं होतंस! आता ते तुझ्याकडून परत कसं घेणार? आणि बाळ, तू त्या दिवशी जो वर चढलास तो नंतर कधी उतरलाच नाहीस."

"आणि तुझा कोपर?"

"त्यात काय. मला तर तू वाचवलं होतंस. वाचलेल्या माणसाला लागलं कसं, असं बाबांनी विचारलं असतं. म्हणून आठवडाभर दाखवलाच नाही. तोवर तो तसाच बसला. मग सायकलवरून पडले म्हणून सांगितलं."

"पण ताई," मी म्हणालो, "तू आयुष्यात सायकलवर बसलेली नाहीस."

"नाहीच बसले. मला तर अजून चालवता येत नाही. एवढा मोठा सर्व्हेअर माझा भाऊ, मला वाटलं कधीतरी पकडशील."

मला लाज वाटली. साधी नाही, कान तापतात तशी. लोकांच्या भुवया मोजत हिंडलो आणि माझ्यासमोर चहाचा कप नेहमी एकाच, उजव्या हाताने ठेवणारी माझी बहीण, जिला मी 'केस कमजोर आहे' म्हणून परत पाठवलं, तिचा कोपर मला कधी दिसला नाही. मी उठलो आणि पिठात गुडघे टेकून तिच्या स्वयंपाकघराची फरशी पुसली. भाऊ म्हणाला, दादाला पहिल्यांदाच फडकं धरलेलं बघतोय. हा त्याचा एकमेव खरा जबाब असेल.

रविवारी सकाळी मी अकरा पानं फाडली आणि एकच पान लिहिलं. मोजमाप एकही नाही. बाई म्हणाल्या होत्या ते मला उशिरा का होईना कळलं होतं: खण तळापर्यंत उघडायचा, मग हाताला स्वतःचीच लबाडी लागली तरी ती बाहेर काढायची. ताईची गोष्ट ताईला परत द्यायची, सगळ्यांसमोर, एवढंच मला करायचं होतं. ती पहिल्या रांगेत बसली होती, तिच्या शेजारी बायको, मग भाऊ, त्याच्या कानात अजून पीठ.

दातांचे डॉक्टर आणि शिवणकामाच्या आजी यांचं वाचून झालं. मी उठलो. मी वाचलं की मी कुणालाही वाचवलेलं नाही. मी साखर चोरायला चढलो, कपाट मी पाडलं, माझ्या बहिणीने ते कोपरावर घेतलं, मला बाबांच्या मारापासून वाचवायला शौर्य माझ्या नावावर केलं, आणि मी छप्पन्न वर्षं ते बिनदिक्कत वापरलं. शेवटचं वाक्य होतं, "ताई, कपाट तू अडवलंस, खांद्यावर मात्र मी बसलो." बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, तो त्यांना कसा सापडला कोण जाणे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ताई उभी राहिली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ लहानपणापासून असाच आहे. स्वतःचं मोठेपण सांगायला लाजतो."

"ताई!"

"तू काही बोलू नकोस, मी सांगते." ती लोकांकडे वळली. "त्यानेच मला वाचवलं. भुवई बघा त्याची."

सगळ्या हॉलने माझी भुवई बघितली. "हो, मी स्वतः तिथे होतो," भाऊ उठून म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या. शिवणकामाच्या आजी डोळे पुसत म्हणाल्या की इतका नम्र माणूस त्यांनी पाहिला नाही. बायको रुमालात तोंड घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती एवढं मला नक्की सांगता येतं.

मी पुढे होऊन ताईला हळूच म्हणालो, "अगं, हे काय करतेस? मी खरं सांगितलं ना शेवटी."

"तू तुझं लिहिलंस, चांगलं केलंस," ती तितक्याच हळू म्हणाली. "पण ही गोष्ट मी केलेली आहे. छप्पन्न वर्षं सांभाळली. बाबांच्या खांद्यावर बसलेला तू, हे माझ्याजवळचं सगळ्यात छान चित्र आहे. ते मी कुणाला मोडू देणार नाही, तुलासुद्धा नाही." आणि तिने हात माझ्या गालापर्यंत आणला, डावा, कोपर जेवढा सरळ होतो तेवढाच.

पण सर्व्हेअर मेला तरी त्याचं तोंड मरत नाही. मी बाईंना म्हणालो, "माझ्या बाजूने पुरावा आहे. काच आहे, फळी आहे. हिच्याकडे काय आहे?"

ताईने पर्स उघडली, चार घड्यांचा एक कागद काढला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी आधी मनात वाचला. मग मोठ्याने वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काका, 'समक्ष तपासले, खरे आढळले'. याखालची सही तुमचीच ना?"

माझीच होती.